चूक झाली तर ओरडून सांगा की राव!

तर मंडळी, या वेळचा शनिवारचा लेख पुण्यातून नाही, सिद्धेश्वरहून लिहितोय. मामाचं गाव. जिल्हा हिंगोली, तालुका औंढा नागनाथ, आणि पूर्णा नदीवरचं ते धरण. "हे कुठे आलं?" असं विचारणाऱ्यांनी नकाशा उघडावा. आम्ही नाही का पुण्यात आल्यावर कोथरूड शोधलं!

जोडून सुट्टी मिळाली म्हणून आलो, पण हापिस काही पाठ सोडत नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि एक बिल्ड लावलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. मामा शेजारी सुपारी कातरत बसले होते. थोडा वेळ त्यांनी नुसतं बघितलं आणि मग विचारलं,

"काय करायलास रे?"

"प्रोग्राम बांधतोय मामा. लिहिलेला सगळा कोड एकत्र करून..."

"ते ऱ्हाऊ दे. हे येवढं पळायलंय, ते तू वाचायलास का?"

"नाही हो. ते वाचायचं नसतं. ते आपलं नुसतं येतं."

"मग दाखवायलंय कशाला?"

आता आली का पंचाईत! इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा, अशा दहा वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. कॉलेजात पहिल्यांदा काळा पडदा बघितला तेव्हा ओळी धावतात म्हणून भारी वाटलं होतं. सिनेमातल्या हॅकरसारखं. मग सवय झाली. आणि मग त्या सवयीने गेल्या महिन्यात एका पोराचा तीन दिवस बळी घेतला. ती गोष्ट सांगतो, म्हणजे मी एवढा का चिडलोय ते कळेल.

कंपनीचं नाव सांगत नाही, नोकरी प्रिय आहे :) आमच्या एका ग्राहकाकडे बिलाच्या बेरजेत पैशांचा घोळ होत होता. दुरुस्तीचं काम टीममधल्या सगळ्यात नवीन मुलाकडे गेलं. कॉलेजातून बाहेर पडून वर्षही झालं नसेल. त्याने व्यवस्थित शोध घेतला, मंगळवारी दुरुस्ती केली, तपासली, जमा केली. बुधवारी रिलीज गेलं. गुरुवारी ग्राहकाचा मेल: घोळ जसाच्या तसा आहे, तुम्ही नक्की काय पाठवलंत?

मग जे होतं ते झालं. मॅनेजरचा मेल, चौदा जण सीसीमध्ये. काम न करता काम झालं म्हणून सांगणं ही गंभीर बाब आहे वगैरे. पोरगं बिचारं एकच वाक्य बोलत होतं, "सर, माझ्या मशीनवर चालतंय." आणि आम्ही सगळे हसत होतो. कारण हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना विनोद. मीसुद्धा हसलो. हे लिहून ठेवतो, पुढे लागणार आहे.

शनिवारी रात्री, का कोण जाणे, मी रिलीजचा बिल्ड लॉग उघडला. सहा हजारांवर ओळी. आणि मधेच कुठेतरी, साधारण साडेतीन हजाराच्या पुढे, एक ओळ: एरर. सर्व्हरवरचा कंपायलर जुना होता, त्या मुलाच्या मशीनवरचा नवा. त्याने लिहिलेली एक ओळ जुन्या कंपायलरला पचली नाही, ती फाईल बांधली गेली नाही. त्यामुळे लायब्ररीही नवी झाली नाही. पण फोल्डरमध्ये मागच्या वेळची जुनी लायब्ररी पडलेली होती, पॅकिंगच्या स्क्रिप्टने तीच उचलली आणि ग्राहकाला पाठवून दिली. लॉगच्या शेवटच्या ओळीवर काय लिहिलं होतं माहितेय?

"बिल्ड यशस्वी."

ही स्क्रिप्ट लिहिणारा महाभाग कोण ते ओळखलं असेलच. दोन वर्षांपूर्वी मीच.

आता जरा तांत्रिक. कंटाळा करू नका, कारण मी केलेला गाढवपणा तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या स्क्रिप्टमध्ये आत्ता, या क्षणी, बसलेला आहे याची मला खात्री आहे.

मी काय केलं होतं? 'मेक'चं आउटपुट पाइप लावून 'टी' या कमांडला दिलं होतं, म्हणजे पडद्यावरही दिसेल आणि फाईलमध्येही जाईल. मग पुढच्या ओळीत एक्झिट कोड तपासला. शून्य असेल तर "यशस्वी" छापायचं. वरवर बघता चोख काम. पण शेल पाइपलाइनचा निकाल म्हणून शेवटच्या कमांडचा कोड देतो. मेक मेलं तरी टी मजेत असतो, त्याचं काम फक्त फाईलमध्ये ओळी उतरवण्याचं.

इथल्या भाषेत सांगतो. पूर्णेवर वर येलदरीचं धरण आहे, खाली सिद्धेश्वरचं. येलदरीतून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरला येतं, तिथून कालव्याला. समजा वरून पाणी सुटलंच नाही. पण खाली सिद्धेश्वरला कालव्याचं गेट झकास वर झालं, म्हणून निरोप धाडला की पाणी सुटलं! शेतकरी बारं धरायला बांधावर जाऊन उभा. चारी कोरडी. माझी स्क्रिप्ट दोन वर्षं हेच करत होती. बॅशमध्ये यावर 'पाइपफेल' नावाचा पर्याय आहे. एक ओळ. मला माहीत होता. लावला नव्हता.

त्यावर कळस म्हणजे मेकला मी 'कीप गोइंग'चा पर्याय दिला होता. म्हणजे एक फाईल फुटली तरी तिच्यावर अवलंबून नसलेलं बाकीचं काम चालू ठेव. हेतू चांगला होता, सगळ्या चुका एकदम कळाव्यात. परिणाम असा की एरर आली आणि तिच्यावर अडीच हजार निरोगी ओळींची माती पडली.

आणि ही फक्त एक तऱ्हा झाली. चूक गाडून टाकायच्या आमच्याकडे बऱ्याच तऱ्हा आहेत.

पहिली, समांतर बिल्ड. आठ कोअर आहेत म्हणून आठ कामं एकदम लावतो. एक फुटतं, पण आधीच सुरू झालेली सात संपेपर्यंत बोलतच राहतात. शिवाय आठही जणांच्या ओळी एकमेकांत मिसळतात, म्हणजे एरर एका फाईलची आणि तिच्या वर नाव दुसऱ्याच फाईलचं. लग्नाच्या पंगतीत आठ आत्या एकदम बोलतायत आणि त्यातली एक सांगतेय की गॅस संपला. ग्नू मेकने यावर उपाय दिला २०१३ मध्ये, ४.० या आवृत्तीत: प्रत्येक कामाचं आउटपुट साठवून एकगठ्ठा दाखवायचं. तो पर्याय सांगावा लागतो, आपोआप चालू नसतो. तुमच्यापैकी किती जणांनी चालू केलाय? हात वर करा. बरं.

दुसरी तऱ्हा तर फारच बेमालूम आहे. प्रोग्राम साधं बोलणं एका वाटेने पाठवतो आणि एरर दुसऱ्या वाटेने. पडद्यावर दोन्ही नीट दिसतात. पण आउटपुट फाईलमध्ये वळवलं की साधं बोलणं बफरमध्ये साठत राहतं आणि गठ्ठ्याने बाहेर येतं, एरर मात्र लगेच. त्यामुळे लॉगमध्ये एरर आधी दिसते आणि जे करताना ती आली ते नंतर! मग माणूस अर्धा तास भलत्याच फाईलमध्ये डोकं घालून बसतो.

तिसरी, एकाच्या पोटी दोनशे. सी++ च्या एका हेडर फाईलमध्ये एक अर्धविराम राहिला की ती हेडर जिथे जिथे घेतलीय तिथे तिथे कंपायलर बोंब मारतो. दोनशे एरर येतात. खरी फक्त पहिली. आणि पडद्यावर दिसते ती शेवटची, कारण पहिली केव्हाच वर निघून गेलेली असते. नवीन मुलगा बिचारा शेवटच्या एररपासून सुरुवात करतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि आपण ते सांगायची तसदी घेत नाही, कारण आपल्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.

चौथी, आणि सगळ्यात पापी, म्हणजे वॉर्निंग. आमच्या त्या लॉगमध्ये वॉर्निंग नऊशेच्या वर. रोज त्याच. त्यातल्या काही माझ्या जॉइनिंगच्या आधीपासून आहेत, म्हणजे टीममध्ये माझ्यापेक्षा सिनिअर!

मामा म्हणाले, आमच्याकडं पण असंच झालं. हिंगोली जिल्ह्यात वसमत, औंढा, कळमनुरी या भागात कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतात, बारीक धक्के बसतात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचं नाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. "पहिल्या पहिल्यांदा घराबाहेर पळायचो," मामा सांगत होते, "मग कूस बदलून झोपायचो." २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा त्यांना उठून बाहेर यायला वेळ लागला, कारण अर्धं मन म्हणत होतं, नेहमीचंच असेल. ही काही माणसाची चूक नाही. शंभर वेळा काही न घडता आवाज आला तर एकशे एकाव्या वेळी कान दगा देणारच. फरक इतकाच की जमिनीतला आवाज बंद करणं मामांच्या हातात नव्हतं. आमच्या नऊशे वॉर्निंग बंद करणं आमच्या हातात होतं.

आता प्रतिवाद. मागच्या आठवड्यात टीममध्ये हे बोललो तेव्हा जी उत्तरं मिळाली ती एकेक घेतो.

"लॉग वाचायला शिका." हे म्हणणारे आमचे वरिष्ठ. आम्ही सहा हजार ओळी डोळ्यांनी वाचून मोठे झालो, तुम्हाला काय होतंय? साहेब, आदर आहे. पण २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे टेक्साकोच्या रिफायनरीत काय झालं ते बघा. सकाळी वीज कोसळली, सगळं विस्कळीत झालं, आणि साधारण पाच तासांनी स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा-एक मिनिटांत कंट्रोल रूममधल्या दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म वाजले. म्हणजे अडीच सेकंदाला एक. ही अनुभवी माणसं होती, फ्रेशर नव्हती. त्यातला महत्त्वाचा कोणता हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. वर आणखी गंमत, एक व्हॉल्व्ह बंद अडकलेला होता आणि पडद्यावर तो उघडा दिसत होता. ओळखीचं वाटतंय ना? "बिल्ड यशस्वी." रविवार होता म्हणून माणसं कमी होती, २६ जण किरकोळ जखमी झाले, जीव कोणाचा गेला नाही. त्यानंतर ब्रिटिश सरकारी यंत्रणेने चौकशी केली, आणि १९९९ मध्ये अलार्म कसे असावेत याची एक मार्गदर्शिका उद्योगाने काढली. तिचं म्हणणं असं की सर्वसाधारण दिवशी ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांना एकापेक्षा जास्त अलार्म नसावा. रिफायनरीवाल्यांनी "अलार्म ऐकायला शिका" म्हटलं नाही. त्यांनी अलार्म कमी केले.

"ग्रेप कर ना, एवढं काय?" हे म्हणणारे आमचे स्मार्ट मित्र. करतो. 'एरर' शब्द शोधतो. काय सापडतं? एरर-हँडलर नावाची फाईल व्यवस्थित बांधली गेल्याच्या चार ओळी. "शून्य एरर" अशी ओळ. मेकचं "एरर १, दुर्लक्षित". आणि काय सापडत नाही? लिंकर "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणतो, त्या ओळीत एरर हा शब्दच नसतो. एखादी लायब्ररी नसली तर "सापडत नाही" म्हणतो. मेमरी संपून कर्नेलने कंपायलरचा गळा घोटला तर "किल्ड" एवढंच. मेकला फाईल कशी बनवायची ते माहीत नसेल तर तीन चांदण्या काढून "नियम नाही" म्हणतो. प्रत्येक अवजाराची बोंब मारायची बोलीभाषा वेगळी. ग्रेप हा उपाय नाही, ग्रेप ही आपण हरल्याची कबुली आहे.

"पण पूर्ण लॉग लागतोच की!" बरोबर. शंभर टक्के. आणि इथे मला मामांच्या गावाचा शेजार आठवतो. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपये मंजूर केले. आपल्या पुण्याची आयुका त्यात आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तर तो टिपायचा. अशा यंत्राला सगळंच ऐकू येतं. ट्रक, वारा, दूरच्या समुद्राच्या लाटा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, ती जेमतेम एक पंचमांश सेकंदाची होती. बाकी सगळा वेळ नुसता गोंगाट. त्या लोकांनी गोंगाट फेकून दिला का? नाही. जमिनीची कंपनं, चुंबकीय क्षेत्र, आवाज, सगळं वेगळं मोजून जपून ठेवतात, कारण गोंगाट ओळखता आला तरच संकेत ओळखता येतो. पण शास्त्रज्ञाच्या टेबलावर येतं ते एवढंच: इथे, या क्षणी, काहीतरी झालंय, बघ.

म्हणजे साठवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. पूर्ण लॉग फाईलमध्ये जाऊ दे, पडद्यावर चूक येऊ दे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण आळसापोटी त्यांचा एक करून टाकलाय.

"आता एआय आहे, त्याला लॉग द्यायचा." हा सगळ्यात ताजा युक्तिवाद. मीही देतो, खोटं कशाला बोलू. पण लांबलचक लॉगचा नेमका चुकीचा तुकडा कापून दिला तर तोही आत्मविश्वासाने भलतंच सांगतो. आणि मूळ मुद्दा असा की, शेवटच्या ओळीवर "यशस्वी" लिहिलेलं असताना लॉग त्याला द्यायची बुद्धी कोणाला होणार? आमच्याकडे तीन दिवस कोणाला झाली नाही.

"वेळ कुठाय या सगळ्याला?" हा मॅनेजर लोकांचा. हिशेब करू. बाराजणांची टीम. प्रत्येक जण दिवसातून दोनदा दहा मिनिटं एरर शोधतो असं धरा. झाले २४० मिनिटं, म्हणजे चार तास. आठवड्याचे वीस. म्हणजे अर्ध्या माणसाचा पूर्ण आठवडा फक्त स्क्रोल करण्यात. अर्धा माणूस दे म्हटलं तर तुम्ही बजेट नाही म्हणता, आणि इथे अर्धा माणूस रोज उकिरडा उपसतोय.

आणि हे काही अशक्य नाही हो, लोकांनी करून दाखवलंय. लिनक्स कर्नेल बांधताना एका फाईलला एक छोटी ओळ येते, पूर्ण कमांड हवी तर मागून घ्या. गूगलमध्ये क्रोमसाठी बनलेलं 'निंजा' सगळं सुरळीत असेल तर एकच ओळ जागच्या जागी बदलत राहतं, आणि फुटलं तर "फेल्ड" म्हणून त्या कामाची कमांड आणि तिचं पूर्ण बोलणं एकत्र दाखवतं. क्लँगने चुकीच्या अक्षराखाली बाण दाखवायला सुरुवात केली, मग जीसीसीनेही २०१३ मध्ये तेच केलं आणि पुढच्या वर्षी रंग आणले. एल्म या छोट्याशा भाषेने २०१५ मध्ये माणसासारखं बोलणाऱ्या एरर आणल्या, आणि रस्टने २०१६ मध्ये आपल्या एररचा तोंडवळा बदलला तेव्हा तिचं ऋण मान्य केलं. एवढ्या हुशार लोकांना यासाठी वेळ मिळाला, आणि आपल्याला स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घालायला मिळत नाही?

चांगली एरर कशी असावी हे खरं तर मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. पुणेरी पाटी बघा! जिथे चूक होण्याची शक्यता तिथेच लावलेली. काय करू नये ते स्पष्ट. केल्यास काय होईल ते त्याहून स्पष्ट. आणि नजरेआड करणं अशक्य. अपमान तेवढा वगळला की झाली आदर्श एरर :)

किंवा इथला पाटकरी घ्या. कालव्याच्या पाण्याची पाळी चालू असताना अडचण आली की तो येऊन सांगतो, "अमक्या चारीवर गेट अडकलंय, पाणी उद्या." कुठे, काय, आता तुम्ही काय करायचं. तीन गोष्टी, एक वाक्य. तो काही धरणावरची नोंदवही पहिल्या पानापासून वाचून दाखवत नाही, की घे, यातच कुठेतरी तुझं पाणी आहे.

तर माझ्या मागण्या. फार नाहीत, पाच.

१. बिल्ड फुटलं की शेवटच्या ओळीवर ते फुटल्याचं लिहिलेलं असलंच पाहिजे, आणि त्याच्या लगेच वर पहिली खरी एरर. स्क्रोल करायला लावायचं नाही.

२. खोटं "यशस्वी" हा फौजदारी गुन्हा समजावा. पाइपफेल लावा. "काही झालं तरी पुढे चल" असं जिथे जिथे लिहिलंय तिथे का लिहिलंय ते शेजारी लिहा, नाहीतर काढा. बांधायच्या आधी जुन्या फाईली पुसा, म्हणजे शिळं वाढलं जाणार नाही.

३. पूर्ण लॉग फाईलमध्ये, आणि ती फाईल कुठे आहे ते पडद्यावर.

४. वॉर्निंग एकतर दुरुस्त करा किंवा विचार करून बंद करा. रोज बघून रोज सोडून द्यायची वॉर्निंग ही वॉर्निंग नसते, वॉलपेपर असतो. शून्यावर आणलीत की मग नवीन वॉर्निंगला सरळ एरर माना.

५. फक्त रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा न कळणारे लोक असतात, आणि फाईलमध्ये रंगाचा नुसता कचरा होतो. शब्दात लिहा.

आता मघाशी "लिहून ठेवतो" म्हणालो होतो ते. त्या शनिवारी एरर सापडल्यावर मी काय केलं? स्क्रिप्ट गुपचूप दुरुस्त केली. सोमवारी मॅनेजरच्या जागेवर जाऊन हळू आवाजात सांगितलं, की सर, बिल्डचा थोडा इश्यू होता, त्या मुलाचा दोष नव्हता. ते म्हणाले, "ओके, गुड कॅच." चक्क शाबासकी! नवीन रिलीज गेलं, बिल बरोबर आलं, विषय संपला. त्या मुलाला कँटीनमध्ये चहा पाजला आणि "सॉरी यार" म्हटलं. तो हसून "इट्स ओके सर" म्हणाला. एका वर्षाचा अनुभव असलेला मुलगा दुसरं काय म्हणणार?

पण तो मेल? चौदा जणांच्या इनबॉक्समध्ये अजून तसाच आहे. आरोप सगळ्यांना दिसेल असा, मोठ्या अक्षरात, नावासकट. आणि दुरुस्ती साडेतीन हजाराव्या ओळीवर, दोन माणसांच्या कानात. वर्षाच्या शेवटी अप्रेझलला बसतील तेव्हा कोणाच्या लक्षात काय असेल ते सांगायला नको. म्हणजे स्क्रिप्टने जे केलं तेच मी केलं. चूक माझी, ती गाडून टाकली, आणि शेवटच्या ओळीवर "यशस्वी" लिहिलं. स्क्रिप्टला निदान कळत तरी नव्हतं.

मामांच्या प्रश्नानंतर काल रात्री बराच वेळ झोप आली नाही. आज सकाळी हा लेख लिहायला बसण्याआधी त्या जुन्या मेलला 'रिप्लाय ऑल' केलं. चौदाच्या चौदा जण. चार ओळी. दुरुस्ती बरोबर होती आणि वेळेत जमा केलेली होती. ती रिलीजमध्ये गेली नाही, कारण बिल्डच्या स्क्रिप्टने फुटलेलं बिल्ड यशस्वी म्हणून दाखवलं. ती स्क्रिप्ट मी लिहिली होती. आणि तो "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणाला तेव्हा ते खरं होतं, मी हसायला नको होतं.

पाठवायचं बटण दाबताना पोटात गोळा आला होता हे कबूल करतो. अजून कोणाचं उत्तर नाही. शनिवार आहे म्हणा.

असो. सोमवारी हापिसात गेलात की एक करा. तुमच्या कोडमध्ये मुद्दाम एक चूक करा, बिल्ड लावा, चहा घेऊन या, आणि मग पडद्याकडे बघून सांगा काय चुकलंय. माउसला हात न लावता. सांगता आलं तर माझ्या शुभेच्छा. नाही आलं तर तुमच्याकडेही एखादं पोरगं कुठेतरी उगाच बोलणी खात असेल.

ता.क.: लॅपटॉपवरची स्क्रिप्ट आत्ताच सुधारली. बिल्ड चालू असताना आता पडदा जवळपास रिकामा असतो. मामा बघून म्हणाले, "आता काहीच दिसंना गेलंय. बंद पडलं काय?" हेही खरंच आहे, निव्वळ शांतताही खोटं बोलू शकते. म्हणून खाली एक ओळ टाकली: १८३ पैकी ९७ झालं. मामांनी ती वाचली, मान डोलावली आणि पुन्हा सुपारी कातरायला घेतली.